आयईएलटीएस, टोफेल की पीटीई? परीक्षेचे पैसे भरण्याआधी आणि नंतर

परदेशात शिकायला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा निघते ती क्लासची. दादरला चांगला कुठला, डेक्कनला कुणाच्या ओळखीचं कुणी जातंय का, ऑनलाइन केला तर चालेल का. क्लासचं नंतर बघू. त्याआधी दोन-तीन संध्याकाळी नीट बसून करायची कामं आहेत, आणि ती न करताच इंग्रजीच्या परीक्षेचे पैसे भरून मोकळी होणारी मुलं सारखी माझ्या पाहण्यात येतात. इंग्रजी बरं असूनही त्यांचं घोडं अडतं. कुणी भलतीच परीक्षा दिलेली असते, कुणाचा एकूण स्कोअर भरपूर पण एकाच विभागात अर्धा बँड (आयईएलटीएसचे गुण बँडमध्ये मोजतात) कमी, तर कुणाचं अर्जातलं नाव पासपोर्टशी जुळत नाही. पंधरा ते वीस हजारांच्या घरातली फी आहे, त्यामुळे क्रमाने जाऊ या.

१. आधी कोर्सची यादी

एक्सेल उघडा किंवा साधी वही घ्या आणि पाच-सहा कोर्सची नावं लिहा. नुसती विद्यापीठाची नावं लिहून भागत नाही, कारण एकाच विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला आयईएलटीएसचे ९ पैकी ६.५ चालतात आणि कायदा, नर्सिंग किंवा शिक्षणशास्त्राला ७ किंवा त्याहून जास्त मागतात. प्रत्येक कोर्सच्या पुढे चार गोष्टी भरा: कोणकोणत्या परीक्षा चालतात, एकूण स्कोअर किती हवा, प्रत्येक विभागात किमान किती हवा, आणि तो स्कोअर त्यांच्याकडे कधीपर्यंत पोचायला हवा. ही माहिती त्या कोर्सच्या स्वतःच्या पानावरून घ्या. एजंटच्या पत्रकावरून किंवा गेल्या वर्षी गेलेल्या मावसभावाकडून घेऊ नका, अटी दरवर्षी बदलतात.

यात दोन वेगळे दरवाजे असतात, विद्यापीठाचा आणि व्हिसाचा. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला इंग्रजीच्या ठरावीक स्कोअरची अट नाही, तिथे विद्यापीठ काय मागतं तेच महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या कोर्सला तुमचं इंग्रजी पुरेसं आहे की नाही हे बहुतेक विद्यापीठं स्वतः ठरवू शकतात. पण पदवीच्या खालच्या कोर्सला, उदाहरणार्थ फाउंडेशनला, व्हिसासाठी मान्य असलेलीच परीक्षा, ठरवून दिलेल्या केंद्रावरच द्यावी लागते. 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' (यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटनचा व्हिसा विभाग) हे जे नाव ऐकता ते याच कारणासाठी. प्रश्नपत्रिकेचं स्वरूप नेहमीचंच असतं, फरक केंद्राच्या मान्यतेचा आणि कडक तपासणीचा असतो. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठीची आयईएलटीएसची पातळी ५.५ वरून ६.० केली, आणि घरी बसून दिलेली परीक्षा तिथल्या व्हिसाला चालत नाही. कॅनडाच्या बाबतीत जुने व्हिडिओ बघून गोंधळ होतो. त्यात झटपट विद्यार्थी व्हिसाच्या ज्या 'एसडीएस' मार्गाचं कौतुक असतं तो ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाला. जर्मनीत इंग्रजी माध्यमाचे मास्टर्स भरपूर आहेत, पण भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी) लागतं आणि त्यात वेळ जातो, म्हणून इंग्रजीची परीक्षा त्याच्या जोडीनेच उरकलेली बरी.

यादी करताना आणखी एक गोष्ट तपासा: तुम्हाला परीक्षा द्यावी लागणार आहे का? काही विद्यापीठं बारावीचे इंग्रजीचे गुण धरतात. मात्र कुठल्या मंडळाचे, ते बारकाईने वाचा. सीबीएसई आणि आयएससीचा उल्लेख सहसा असतो, राज्य मंडळाच्या बाबतीत प्रत्येक विद्यापीठाचं धोरण निराळं असतं. काही ठिकाणी पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचं कॉलेजचं पत्र चालतं. त्याला सगळे 'एमओआय' (मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन) म्हणतात. ते कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्य किंवा कुलसचिवांच्या सही-शिक्क्याने, कोर्सचं नाव आणि वर्षं घालून घ्यावं लागतं. परीक्षा विभागाच्या खिडकीवर याला आठवडा लागेल की महिना, हे तुम्हाला तुमच्या कॉलेजच्या अनुभवावरून ठाऊक असेलच. पण यादीतल्या सहापैकी दोनच ठिकाणी एमओआय चालत असेल, तर परीक्षा द्याच. उरलेली चार दारं फीच्या पैशांसाठी बंद करण्यात शहाणपणा नाही.

२. पासपोर्टवरचं नाव

हा मुद्दा कंटाळवाणा वाटेल, पण महाराष्ट्रातल्या मुलांचं सगळ्यात जास्त इथेच अडतं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर दोनच रकाने: आडनाव आणि दिलेलं नाव. कुणाच्या पासपोर्टवर दिलेल्या नावात नुसतं 'स्नेहा' असतं, कुणाच्या 'स्नेहा रमेश'. काही जुन्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत कोंबलेलं असतं. त्यात स्पेलिंग. 'शिंदे'मधला श एका ठिकाणी एसएच तर दुसरीकडे नुसता एस, आणि 'ऋ'ने सुरू होणारं नाव असेल तर बघायलाच नको.

नियम एकच: परीक्षेचा अर्ज मार्कशीटप्रमाणे भरायचा नाही, पासपोर्टप्रमाणे भरायचा. रकाना रकान्यासारखा, अक्षर अक्षरासारखं. स्कोअर कार्डावर तेच नाव छापून येतं आणि व्हिसाच्या वेळी पासपोर्टशी ताडून पाहिलं जातं. मार्कशीट आणि पासपोर्ट यांत फरक असेल तर तो वेगळा सोडवा. बारीक फरकाला दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी पुरतं, मोठ्या फरकाला गॅझेटमधला नावबदल आणि नवा पासपोर्ट. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर हे सगळ्यात आधी बघावं.

परीक्षेच्या दिवशी मूळ पासपोर्ट हातात लागतो, तोही ज्याचा क्रमांक अर्जात दिला तोच. नूतनीकरणाला टाकलेला असेल किंवा मुदत संपत आली असेल, तर आधी ते काम उरका. पोलिस पडताळणीत किती दिवस जातील ते सांगता येत नाही. झेरॉक्स, फोनमधला फोटो, 'आधार चालेल ना' हे संवाद केंद्राच्या दारात करण्याजोगे नाहीत.

३. कोणती परीक्षा?

तुमच्या यादीतले सगळे कोर्स मान्य करतात अशा परीक्षा एक किंवा दोनच उरतील. एकच उरली तर हा भाग वाचायची गरजही नाही.

आयईएलटीएस ही सगळ्यात जास्त ठिकाणी चालणारी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार विभाग, एकूण पावणेतीन तासांच्या आसपास. बोलण्याची परीक्षा माणूस घेतो, समोर बसून किंवा केंद्रावरच्या व्हिडिओ कॉलवर. ० ते ९ बँड, अर्ध्या-अर्ध्या बँडच्या पायऱ्या. शिकायला जाणाऱ्यांनी 'अकॅडेमिक' निवडायची. 'जनरल ट्रेनिंग' मुख्यतः स्थलांतर आणि नोकरीसाठी आहे, आणि चुकून ती निवडली तर स्कोअर कितीही चांगला आला तरी विद्यापीठ तो घेणार नाही. काहीच ठरत नसेल तर माझं मत आयईएलटीएस अकॅडेमिकला.

टोफेल अमेरिकेच्या ईटीएस या संस्थेची. यात बोलायचं ते मायक्रोफोनसमोर. जानेवारी २०२६ पासून तिचं स्वरूप बरंच बदललं. वाचन आणि श्रवणाचे विभाग आता तुमच्या उत्तरांप्रमाणे सोपे-अवघड होत जातात, आणि गुण १ ते ६ च्या पट्टीवर येतात. जुनी १२० गुणांची पट्टी लगेच गायब झालेली नाही, काही काळ तुलनेसाठी तीही निकालात दिसते. थोडक्यात, दादा-ताईंनी वापरलेली टोफेलची पुस्तकं घरात पडलेली असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका.

पीटीई अकॅडेमिक पियर्सन या कंपनीची, साधारण दोन तासांची, १० ते ९० गुण, निकाल बहुधा दोन दिवसांत. तपासणीचं बहुतेक काम संगणक करतो. माणसासमोर बोलताना ततपप होणाऱ्यांना ही सोयीची वाटते. पण ऐकून ठेवा: एकाच खोलीत दहा-पंधरा जण एकाच वेळी आपापल्या मायक्रोफोनमध्ये बोलत असतात. शेजारचा मोठ्याने 'चित्राचं वर्णन' करतोय आणि तुम्हाला ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचंय. शांत खोलीत सराव केलेला इथे उडतो. पीटीईचा सराव घरात टीव्ही चालू ठेवून करावा, असं मी गमतीने सांगतो, पण ते खरंच उपयोगी पडतं.

ड्युओलिंगो ही चौथी परीक्षा घरी बसून, सुमारे तासाभरात, आणि बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठं घेतात, बाकीच्या देशांत बेताचीच. यात अडचण इंग्रजीपेक्षा घराची. कॅमेऱ्यासमोर बसायचं, नजर पडद्यावरून हलवायची नाही, खोलीत दुसरं कुणी यायचं नाही. मधेच आजीने दार उघडून चहा विचारला किंवा वीज गेली, की परीक्षा बाद होऊ शकते.

या चारही परीक्षांचे स्कोअर साधारणपणे दोन वर्षं धरले जातात. म्हणून 'आत्ता देऊन ठेवतो, जायचं पुढे बघू' हे दोन वर्षांच्या हिशेबातच करा.

४. बँडचं गणित

आयईएलटीएसचा एकूण बँड म्हणजे चार विभागांची सरासरी. सरासरी .२५ वर संपली तर वरच्या अर्ध्या बँडवर जाते, .७५ वर संपली तर वरच्या पूर्ण बँडवर. म्हणजे ६.२५ चे ६.५ होतात आणि ६.७५ चे ७.

आता हे बघा. ऐकणं ७.५, वाचणं ७, लिहिणं ५.५, बोलणं ६. बेरीज २६, सरासरी ६.५. घरात पेढे वाटण्यासारखा निकाल. पण कोर्सच्या पानावर 'एकूण ६.५ आणि कुठल्याही विभागात ६ पेक्षा कमी नको' असं लिहिलेलं असेल, तर हा विद्यार्थी अपात्र. वरचे ७.५ त्याला वाचवत नाहीत. म्हणून तक्त्यातला तिसरा रकाना, विभागवार किमान, मी लाल रंगात भरायला सांगतो. बहुतेकांचं तिथेच फसतं, आणि बहुतेकदा लेखनात.

ऐकणं आणि वाचणं यांचे प्रत्येकी ४० प्रश्न. अंदाजाला म्हणून: ४० पैकी २३ बरोबर आले की साधारण ६, ३० आले की ७, ३५ आले की ८. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडायची नाही.

५. क्लासच्या आधी एक कोरी परीक्षा

काहीही तयारी न करता, घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एक पूर्ण सराव परीक्षा द्या. नमुने अधिकृत संकेतस्थळांवर फुकट आहेत. जुन्या प्रश्नपत्रिकांची केंब्रिजची पुस्तकं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीत मिळतात, फक्त आधीच्या मालकाने पेन्सिलीने उत्तरं भरलेली नाहीत ना ते बघून घ्या. ऐकणं-वाचणं स्वतः तपासता येतं. लेखन तुमच्या शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंना दाखवा. त्या बँड सांगू शकणार नाहीत, पण चुका क्लासवाल्यांपेक्षा प्रामाणिकपणे सांगतील.

हवा असलेला स्कोअर अर्ध्या-एका बँडवर असेल तर दीड-दोन महिन्यांचा रोजचा सराव पुरावा, क्लास असो वा नसो. दीड-दोन बँडचा फरक असेल तर परीक्षेच्या 'ट्रिक्स' शिकवणारा क्लास हा पैशांचा अपव्यय आहे. तेव्हा आधी चार-सहा महिने साधं इंग्रजी वाढवायचं. रोज एक बातमी वाचायची, तिचा सारांश लिहायचा, पॉडकास्ट ऐकायचे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना यात कमीपणा वाटतो, तो वाटून घेऊ नये. त्यांचं व्याकरण पुष्कळदा इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा पक्कं असतं, वेग कमी असतो इतकंच.

ऐकणं: रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. आधी प्रश्न वाचायला जो अर्धा मिनिट मिळतो त्यात 'इथे आकडा येणार, इथे आडनाव येणार' एवढं हेरून ठेवायचं. बोलणारा स्वतःची दुरुस्ती करतो, हा नेहमीचा सापळा: मंगळवारी या म्हणतो आणि लगेच, नाही नाही, मंगळवारी बंद असतं, गुरुवारी या. घाईने मंगळवार लिहून पुढे गेलेल्याचा गुण गेला. थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी हे कानाला वेगळे लागेपर्यंत ऐका. स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक, अनेकवचनाचा शेवटचा एस राहिला तरी चूक. दोनच शब्दांत उत्तर द्या म्हटलं असेल आणि तुम्ही तीन लिहिले तर तेही गेलं. संगणकावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं तपासायला दोनच मिनिटं मिळतात. कागदावरच्या परीक्षेतली उतरवून घ्यायची दहा मिनिटं इथे नाहीत.

वाचणं: तीन उतारे, साठ मिनिटं, उतरवून घ्यायला वेगळा वेळ नाही. बहुतेकांना छळतो तो 'बरोबर, चूक, की माहिती दिलेली नाही' हा प्रकार. समजा उताऱ्यात आहे की १९८० नंतर शहरातल्या कापड गिरण्यांमधले कामगार झपाट्याने कमी झाले. प्रश्नातलं विधान: 'संपामुळे गिरणी कामगारांची संख्या घटली.' गिरणगावात ज्याचे आजोबा होते तो डोळे मिटून 'बरोबर' लिहील. पण उताऱ्यात कारण दिलेलंच नाही, म्हणून उत्तर 'माहिती दिलेली नाही'. आपल्याला काय ठाऊक आहे ते दाराबाहेर ठेवून यायचं.

लेखन: इथे थांबू या, कारण लोक घाबरतात बोलण्याला आणि पडतात लिहिण्यात. साठ मिनिटांत दोन प्रश्न. पहिल्यात आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेचं वर्णन, किमान १५० शब्द. दुसऱ्यात निबंध, किमान २५० शब्द. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, म्हणून वीस आणि चाळीस मिनिटं अशी वाटणी. आलेखाच्या प्रश्नात सगळे आकडे ओळीने ओतत बसण्याची खोड आपल्याला प्रयोगवहीपासून असते. परीक्षकाला आधी ढोबळ चित्र हवं असतं. एकूण काय वाढलं, काय घटलं, सगळ्यात ठळक काय, हे दोन वाक्यांत. त्यानंतर निवडक आकडे. तुमचं मत आणि कारणमीमांसा इथे नको.

निबंधाचं एक उदाहरण घेऊ. प्रश्न: शहरातली वाहतूककोंडी कमी करण्यासाठी खासगी गाड्यांवरचा कर वाढवावा, तुम्ही कितपत सहमत आहात? पाठ केलेला विद्यार्थी सुरुवात करतो की आजच्या आधुनिक युगात वाहतूक ही ज्वलंत समस्या बनली आहे. हे वाक्य कुठल्याही निबंधाला लागू पडतं, आणि परीक्षकांना ते बरोबर ओळखू येतं. त्याऐवजी पहिल्याच परिच्छेदात भूमिका घ्या: नुसता कर वाढवून उपयोग नाही, आधी बस सुधारायला हवी. मग एका परिच्छेदात एकच मुद्दा, शेवटपर्यंत. पुण्यात बाईकवाला बाईक सोडत नाही ती स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर बसची वाट बघत किती वेळ जाईल हे कळत नाही म्हणून. कर वाढला तर तो कुरकुरत भरेल आणि बाईकच वापरेल. म्हणून कोंडी तशीच राहील, फक्त महापालिकेची तिजोरी भरेल. दावा, कारण, उदाहरण, परिणाम. हे साध्या शब्दांत लिहिलेलं इंग्रजी, चार अवजड शब्द घुसडलेल्या पोकळ निबंधापेक्षा वर जातं. गुण चार बाजूंनी देतात: प्रश्नाला उत्तर दिलं का, मांडणी जुळलेली आहे का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. शब्दसंपत्ती हा चारांतला एकच भाग आहे, हे क्लासने दिलेल्या 'बँड नऊच्या शब्दां'ची यादी पाठ करताना लक्षात असू द्या.

व्याकरणात आपल्याकडच्या चुका ठरलेल्या. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे 'ए' आणि 'द' गळतात किंवा नको तिथे येतात. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे आपल्या कानाला खटकतच नाही. पाच-सहा निबंध झाल्यावर स्वतःच्या चुकांची यादी करा. त्याच त्या सात-आठ चुका फिरून येताना दिसतील. परीक्षेत शेवटची तीन मिनिटं फक्त त्या शोधायला ठेवायची. एआयच्या ॲपकडून चुका दाखवून घ्यायला हरकत नाही, पण त्याने सांगितलेल्या बँडवर विसंबून तारीख घेऊ नका.

बोलणं: अकरा ते चौदा मिनिटं, तीन भाग. उच्चार मराठी वळणाचा असला म्हणून गुण जात नाहीत, कळायला हवा. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही 'व' झाले म्हणून जग बुडत नाही. नुकसान होतं ते शब्दांची शेपटं गिळल्याने, एकसुरी भरधाव बोलण्याने आणि पोपटपंचीने. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. 'तुम्हाला आवडलेली जागा' आली तर न पाहिलेल्या पॅरिसवर बोलू नका. हर्णैला मामाकडे गेलात, संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघितला, वास सहन होईना, मामी मात्र भाव करत उभी होती. हे तुम्हाला दोन मिनिटं न अडखळता सांगता येईल, कारण ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा, त्याचे गुण जात नाहीत. सराव म्हणून रोज एक कार्ड फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला पहिला आठवडा नको वाटतं, नंतर सवय होते.

६. तारीख, नोंदणी, परीक्षेचा दिवस

सप्टेंबरच्या प्रवेशाला बरेच अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास जातात. म्हणजे परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झालेली हवी, की स्कोअर कमी पडला तर दुसऱ्यांदा देता येईल. दिवाळीच्या सुट्टीतल्या तारखा भरून जातात असं गृहीत धरून चाला. जर्मनीच्या हिवाळी सत्राची अनेक ठिकाणची शेवटची तारीख १५ जुलै असते, तिथे जरा उसंत मिळते, पण एपीएस विसरू नका.

नोंदणी अधिकृत संकेतस्थळावरूनच, स्वतःच्या ईमेलने करा. भारतात आयईएलटीएस आता आयडीपी या कंपनीकडे आहे. क्लासवाल्याने त्याच्या ईमेलवरून भरलं की निकालापर्यंत तुम्ही त्याच्या मागे फिरता. आयईएलटीएसची बोलण्याची परीक्षा काही वेळा वेगळ्या दिवशी असते, तेव्हा वेळापत्रक बघूनच गाडीचं तिकीट काढा. नांदेड किंवा सिंधुदुर्गहून पुण्या-मुंबईला येणाऱ्यांनी रात्रभर बसमध्ये बसून सकाळी थेट केंद्रावर जाऊ नये. आदल्या दिवशी पोचा, केंद्र बघून ठेवा. दृष्टी, ऐकणं किंवा हालचालीची काही अडचण असेल तर जादा वेळ आणि सोयी मिळतात, पण कागदपत्रांसह खूप आधी मागाव्या लागतात.

परीक्षेच्या दिवशी काय न्यायचं? मूळ पासपोर्ट आणि लेबल काढलेली पारदर्शक पाण्याची बाटली. घड्याळ, फोन बाहेर. बसल्यावर हेडफोनचा आवाज लगेच तपासा आणि खरखर असेल तर तिथल्या तिथे हात वर करा. परीक्षा संपल्यावर केलेल्या तक्रारीला कुणी विचारत नाही.

'परीक्षा न देता बँड मिळवून देतो' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. विद्यापीठं आणि दूतावास स्कोअर ऑनलाइन पडताळतात. खोटा निघाला तर प्रवेश जातो आणि पुढची काही वर्षं व्हिसाची दारंही बंद होऊ शकतात.

७. निकालानंतर

संगणकावरच्या आयईएलटीएसचा निकाल काही दिवसांतच येतो. कमी आला आणि मनापासून अन्याय वाटत असेल, विशेषतः लेखनात अर्धा बँड कमी, तर परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते. स्कोअर वाढला तर फेरतपासणीची फी परत मिळते. एकाच विभागात पडला असाल तर 'वन स्किल रीटेक' हा पर्याय आहे: साठ दिवसांच्या आत तेवढा एकच विभाग पुन्हा. हा संगणकावरच्या परीक्षेलाच मिळतो आणि सगळी विद्यापीठं तो मान्य करत नाहीत. आधी कोर्सच्या प्रवेश विभागाला दोन ओळींचा ईमेल टाका, उत्तर आल्यावर पैसे भरा.

स्कोअर पाठवण्याची पद्धत प्रत्येक परीक्षेची वेगळी. टोफेलमध्ये परीक्षेआधी निवडलेल्या चार संस्थांना फुकट जातो, नंतर पैसे पडतात, म्हणून यादी आधी तयार हवी. आयईएलटीएसचा पाच संस्थांपर्यंत फुकट. पीटीई आणि ड्युओलिंगोचे हव्या तितक्या ठिकाणी.

आणि एक काम बहुतेकांकडून राहून जातं. स्कोअर येण्याआधी अर्ज केला असेल तर ऑफर लेटर 'कंडिशनल' असतं. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीला मात्र विनाअट ऑफर लेटर लागतं, आणि शैक्षणिक कर्जासाठीही काही बँका तेच विचारतात. स्कोअर पोचला म्हणजे अट आपोआप निघते असं नाही. पोर्टलवर जाऊन स्थिती बघा, आठवडाभरात बदलली नाही तर अर्ज क्रमांक आणि स्कोअर कार्ड जोडून प्रवेश विभागाला लिहा, नवं पत्र हातात येईपर्यंत. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख चार दिवसांवर असेल तर तेही ईमेलमध्ये स्पष्ट सांगा. तिथली माणसं अशा वेळी बहुधा मदत करतात.